गडबच्या टेकडीवरचा टोन

पेणच्या एका माणसाला मी बरीच वर्षं भाऊबीजेला ओवाळलं आणि मग एका वर्षी ओवाळलं नाही. रोह्यात आमच्या आळीत लगेच चौकशी सुरू झाली. जमिनीवरून बिनसलं का? लग्नकार्यात मानपान राहिला का? मी सांगायची, "नाय हो, रेडिओवरून." बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. रेडिओवरून कुणाची नाती तुटतात का? माझी दोन तुटली. एक मी स्वतः तोडलं, आणि दुसरं माझ्या नकळत कुणीतरी तोडून ठेवलं होतं.

मी रोह्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. कानाला हेडफोन, हातात दोऱ्या, समोर भोकांचा बोर्ड, आणि दिवसभर लोकांची बोलणी जोडून द्यायची. पुढे एक्स्चेंज ऑटोमॅटिक झालं, बोर्ड उचलून नेला आणि मला बिलांच्या टेबलावर बसवलं. तिथे माझ्याशी बोलायला येणारा प्रत्येक माणूस भांडायलाच यायचा. त्यामुळे संध्याकाळी घरी येऊन रेडिओच्या सेटसमोर बसले की मी पुन्हा माणसात यायचे.

हौशी रेडिओ म्हणजे काय ते थोडक्यात सांगते, कारण आमच्या घरच्यांनाही ते कधी धड कळलं नाही. सरकारची परीक्षा द्यायची, आपलं कॉलसाइन, म्हणजे हवेवरचं नाव, मिळवायचं आणि आपल्या सेटवरून आपल्यासारख्याच दुसऱ्या येड्यांशी बोलायचं. धंद्याचं बोलायचं नाही, राजकारण करायचं नाही. बाकी काहीही बोला. नवरा म्हणायचा, एवढंच करायचं तर शेजारणीशी बोल की.

हे वेड मला लावलं मास्तरांनी. ते शाळेतले मास्तर नव्हेत; पेणच्या तारघरात त्यांनी सगळी नोकरी काढली म्हणून सगळे त्यांना तारमास्तर म्हणायचे. नोकरीच्या सुरुवातीला मी काही महिने पेणला होते, तेव्हा जेवणाच्या सुट्टीत डब्याच्या झाकणावर चमचा वाजवून त्यांनी मला मोर्स शिकवलं. माझ्याबरोबर आणखी एक जण शिकायचा. त्याने पेणच्या स्टँडजवळ रेडिओ दुरुस्तीचं दुकान नुकतंच टाकलं होतं. माझ्यापेक्षा थोडा लहान, हात सोन्यासारखा, जिभेवर साखर. मला सख्खा भाऊ नाही हे कळल्यावर त्या दिवाळीला हा आपला आपणच पाटावर येऊन बसला. "ताई, ओवाळ," म्हणाला. तेव्हापासून तो माझा भाऊ.

मास्तर निवृत्त झाल्यावर कासूला, स्टेशनापासून हाकेच्या अंतरावर, आपल्या घरी राहायला गेले. बायको आधीच गेली होती. मुलगी पुण्याला. घरात ते, एक मांजर आणि त्यांनी स्वतःच्या हातांनी केलेला सेट. तो सेट म्हणजे एक पत्र्याचं खोकं, त्याला दोन बटणं, आणि एक माइक जो मुळात दुसऱ्याच कसल्यातरी यंत्राचा होता. आम्ही बाकीच्यांनी बंद पडलेल्या एका कंपनीचे भंगारात निघालेले वायरलेस सेट घेतले होते. भावाने ते आमच्या फ्रिक्वेन्सीवर बसवून दिले. मास्तरांनी मात्र घेतला नाही. "आपलं आपण केलंय, त्याच्यावरच बोलणार," म्हणाले.

अडचण एकच होती, डोंगरांची. रोह्याचा आवाज पेणला जायचा नाही, कासूचा आवाज रोह्याला आला तर आला. यावर उपाय म्हणजे रिपीटर. उंचावर एक यंत्र बसवायचं. ते खालचा बारीक आवाज ऐकतं आणि त्याच क्षणी मोठ्याने पुन्हा म्हणून दाखवतं. गडबला हायवेलगत भावाच्या ओळखीच्या एकाचं दुकान होतं आणि दुकानामागच्या टेकडीवर पाण्याची टाकी. टाकीशेजारच्या खोलीत यंत्र ठेवायला तो तयार झाला. दिल्लीहून परवाना यायला इतका वेळ लागला की आम्ही तो विषय काढायचाच सोडून दिला होता, आणि मग एक दिवस तो आला.

त्या रविवारी भावाच्या दुकानात आम्ही तिघं बसलो. विषय एवढाच, रिपीटरमध्ये काय काय असावं. मोबाईल तेव्हा फक्त डॉक्टरांच्या आणि बिल्डरांच्या कमरेला दिसायचे, त्यामुळे आमचं हे यंत्र आम्हाला फार मोठी गोष्ट वाटत होती. लग्नाची यादी करताना माणसं जशी भांडतात तसे आम्ही भांडलो.

बॅटरीवर एकमत झालं. वीज जाणारच, तेव्हा ट्रकची मोठी बॅटरी हवी. मग भाऊ म्हणाला, फोन जोडता येईल असं करू, सेटवरून थेट घरी फोन. मी म्हटलं, "मेल्या, सगळी नोकरी मी लोकांचे फोन जोडले. इथं पण तेच करू?" तो विषय तिथेच संपला. दर थोड्या वेळाने यंत्राने आपलं कॉलसाइन मोर्समध्ये वाजवायचं असा नियम असतो, तर त्याचा वेग किती ठेवायचा यावर मास्तरांनी इतका घोळ घातला की समोरच्या हॉटेलातून दोनदा चहा आला. बोलणाऱ्याने बटण सोडल्यावर शेवटी एक बीप यावी, म्हणजे पुढच्याला कळेल आपली पाळी आली, हे ठरलं. कुणी एकटाच बोलत सुटला तर यंत्राने त्याला तोडावं, हेही ठरलं. भाऊ म्हणाला दोन मिनिटांनी तोडू, मास्तर म्हणाले पाच. तीनवर तोडगा निघाला. भावाने माझ्याकडे बघून डोळा मारला. मास्तरांचं बोलणं लांबतं हे आम्हा दोघांनाही माहीत होतं आणि तेव्हा तरी त्यात गंमतच होती.

शेवटचा मुद्दा टोनचा. टोन म्हणजे माणसाला ऐकू न येणारी खर्जातली एक गुणगुण. सेट आपल्या बोलण्याखाली ती सतत सोडत राहतो. रिपीटरला सांगून ठेवायचं, ही गुणगुण असेल त्याच्यासाठीच उघड, बाकी कुणी काही म्हणो, ढिम्म राहा. भावाला टोन हवा होता. त्याचं कारणही चुकीचं नव्हतं. हायवेच्या गाड्या, मांडवातले जनरेटर, कसलीही खरखर आली की उघडं यंत्र जागं होतं आणि ती खरखर सगळ्यांच्या घरात ओततं. "मुंबईत सगळीकडे टोन असतो गो ताई," तो म्हणाला.

मी नको म्हटलं. माझी कारणं दोन. पावसात कुंडलिका नदी फुगली की रोह्यात कुणाचं काय होईल सांगता येत नाही. त्या दिवसात ज्याच्या हातात जो सेट असेल त्याला बोलता आलं पाहिजे. दुसरं कारण माझ्या शेजारी बसलं होतं. मास्तरांच्या त्या पत्र्याच्या खोक्यात टोन नव्हता. टोन लावला तर सगळ्यात आधी तेच बाहेर राहणार.

मास्तरांनी चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाले, "माझ्यासाठी नको अडवू पोरी. लावायचा तर लावा. फक्त मला सांगून लावा, म्हंजे मी माझं बघतो."

मी म्हटलं, "मास्तर, तुम्हाला सांगितल्याबिगर नाय लागणार. माझा शब्द." भाऊ म्हणाला, "माझा पण." टोन नको असंच ठरलं.

पुढचं वर्ष-दीड वर्ष फार सुखाचं गेलं. रोज संध्याकाळी सातला आमची बैठक भरायची. ती चालवायचं काम माझ्याकडे, कारण एक्स्चेंजमधला आवाज. आम्ही सात-आठ जण असू. मी एकेकाची हजेरी घ्यायची, ज्याला जे सांगायचं ते तो सांगायचा. मास्तर सगळ्यात शेवटी बोलायचे आणि सगळ्यात जास्त बोलायचे. कासूच्या खाडीला भरती कधी, भाताचा राब भाजून झाला का, वालाला शेंग धरली का, दुपारची गाडी किती उशिरा आली. मधेच कुणाचं बोलणं दुरुस्त करायचे. नवीन परीक्षा पास झालेला खांब गावचा एक मास्तर, हा मात्र खरोखर शाळेतला, तो "ओके ओके" फार म्हणायचा. मास्तर त्याला रोज सांगायचे, एकदा ओके म्हटलं की झालं, ऐकणाऱ्याला अक्कल असते. तीन मिनिटं झाली की यंत्र त्यांना तोडायचं. ते शांतपणे पुन्हा बटण दाबायचे आणि "तर मी काय म्हणत होतो" असं म्हणून पुढे चालू.

हे सगळ्यांना आवडायचं असं मी म्हणणार नाही. पण दिवसभरात त्या माणसाशी बोलणारे आम्हीच होतो. सकाळी दूधवाला, दुपारी मांजर, आणि सातला आम्ही. हे मला माहीत होतं, आणि भावालाही माहीत होतं. म्हणून पुढे त्याने जे केलं ते मला समजावून घेता येत नाही.

एका वर्षी मे महिन्यात त्याने सगळ्यांचे सेट मागवून घेतले. दमट हवेत सेटला आतून बुरशी धरते, पावसाआधी एकदा साफ करून देतो, म्हणाला. मी माझा सेट दिला. आठवड्याने तो स्वतः रोह्याला आणून देऊन गेला, घरी जेवला, आमरसाला नको नको म्हणत तीन वाट्या घेतल्या. त्याच्या दुसऱ्या दिवसापासून मास्तरांचा आवाज बंद झाला.

दोन दिवस वाट बघून मी भावाच्या दुकानात फोन केला. "अगो ताई, तुला सांगायचं राह्यलं," तो म्हणाला. "मास्तर पुण्याला गेले, मुलीकडं. मोतीबिंदू काढायचाय. पाऊस सरल्यावर येतील."

"निघताना मला बोलले पण नाहीत?"

"घाईत गेले. जावईच आलेला घ्यायला."

मी विश्वास ठेवला. का ठेवू नये? हा माणूस माझ्या घरात पाटावर बसणारा. माझ्या मुलीला जावळाच्या वेळी मामा म्हणून त्यानेच मांडीवर घेतलेलं. मला पुण्याचा पत्ता हवा होता, तो म्हणाला नाय माझ्याकडे. मला तेही खरं वाटलं.

आणि पावसाळाभर मी रोज सातला बैठक चालवली. आमच्या धबधब्यासारख्या पागोळ्या, लोणच्याला आलेला पांढरा थर, बिलांच्या टेबलावरची भांडणं, सगळं सांगत राहिले. हजेरी संपली की मी विचारायची, "आणखी कुणी आहे का?" आणि थोडं थांबायची. हे थांबणं मास्तरांनीच शिकवलं होतं. कमजोर सेटवाल्याला शिरायला जागा ठेवावी म्हणायचे. मी थांबायची, कुणी यायचं नाही, मी पुढे जायची.

गणपती झाले, नवरात्र बसलं. त्या सुमारास पुण्याच्या एका हौशी बाईंनी आपला जुना हँडसेट मला दिला. खिशात मावेल एवढा, माझ्या त्या भंगारातल्या धोंड्यापुढे अगदी नाजूक. दुपारी मी तो चालू केला, फ्रिक्वेन्सी लावली, बटण दाबून कॉलसाइन दिलं. बीप आली नाही. पुन्हा दाबलं, काही नाही. गच्चीवर जाऊन दाबलं, तरी नाही. मला वाटलं हा बिघडलाय. म्हणून घरातला जुना सेट लावून बघितला, तर लगेच बीप. पुन्हा नवा, पुन्हा शांत. ऐकू मात्र येत होतं. जुन्या सेटवरून बोलले की नव्यातून माझाच आवाज छान यायचा. म्हणजे नवा ऐकत होता, पण त्याचं कुणी ऐकत नव्हतं.

टोन हा शब्द मनात यायला मला फार वेळ लागला नाही, पण तो खरा मानायला लागला. मी स्क्रू ड्रायव्हर आणून जुन्या सेटचं झाकण काढलं. आत सगळं जुनाट, तपकिरी, धूळ बसलेलं, आणि एका कोपऱ्यात नखाएवढी हिरवी पट्टी, नव्या चकचकीत डागाने जोडलेली. एवढं सुबक डाग देणारा हात पेणमध्ये एकच होता. मी झाकण तसंच उघडं ठेवून ती पट्टी उपटून काढली. बुरशी साफ करायला नेलेला सेट. तीन वाट्या आमरस. अंगाचा नुसता तिळपापड झाला.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून सकाळची गाडी पकडली. कासू आलं तेव्हा खिडकीतून मास्तरांचं घर बघितलं. बांबूवरची एरियल जागेवर होती आणि पडवीत धोतर वाळत होतं. तिथे उतरावंसं वाटलं, पण आधी पेण गाठायचं ठरवलं होतं. मास्तरांकडे जायचं तर सगळं जाणून घेऊनच.

दुकानात भाऊ कुणाचा तरी मिक्सर उघडून बसला होता. मला बघून उठला. "ये गो ताई, अशी अचानक? बस. चहा सांगतो."

मी ती हिरवी पट्टी पिशवीतून काढून त्याच्यापुढे ठेवली. त्याने तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. चेहरा पडला असता तर मला जरा बरं वाटलं असतं. तो म्हणाला, "ती काढलीस तर तुला बोलता नाय येणार."

"मास्तर कुठंयत?"

"कासूला."

"पुण्याला कधी गेलेले?"

"नाय गेले." त्याने मिक्सर बाजूला सरकवला. "ताई, हे बघ. सगळे कंटाळलेले. ते बोलायला लागले की अर्धा तास जातो. नवीन माणसं सोडून चाललेली. खांबचा मास्तर तर म्हणाला मी सेट विकतो. सगळ्यांनी मिळून ठरवलं."

"सगळ्यांनी म्हणजे कुणी?"

"सगळ्यांनी." मग हळू आवाजात म्हणाला, "तू सोडून."

मी त्याला म्हटलं, बोलणं लांबतंय तर वेळ कमी करायची होती, दोन मिनिटांवर आणायची, तुला आधीपासून दोनच हवी होती. त्यावर तो जे बोलला ते मला अजून शब्दाशब्दाने आठवतं. "दोन मिनिटं केली असती तर त्यांना कळलं असतं ना, की त्यांच्यासाठीच केलीत म्हणून. वाईट वाटलं असतं. टोनचं बरं असतं, कुणाला काय बोलावं लागत नाय. मशीनच घेत नाय, त्याला आपण काय करणार?"

म्हणजे त्याने विचार करून निवडलं होतं. आम्ही तिघांनी चहा पीत जे यंत्र ठरवलं, त्याच्यातून त्याने नेमकी ती सोय उचलली जिच्यात माणसाला तोंडावर नाही म्हणावं लागत नाही. आणि मला कळू नये म्हणून माझ्याच सेटमध्ये घरच्यासारख्या मायेने ती बसवून दिली.

"आणि मला का नाही सांगितलंस?"

"सांगून काय झालं असतं? तू भांडली असतीस."

"भांडले असतेच. हक्क होता माझा. शब्द दिलेला आपण."

"जाऊ दे गो आता. तुला एवढं लागलंय तर उद्या काढतो. एक वायर तर तोडायचीय." हे तो इतकं सहज बोलला, की मला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. दिली नाही. समोर गिऱ्हाईक उभं होतं. चहा आला, तो तसाच ठेवून मी निघाले.

परतीच्या गाडीने कासूला उतरले. मास्तर पडवीत होते. डोळे ठणठणीत, मोतीबिंदू नाही की काही नाही. मला वाटलं होतं नेहमीसारखं ओरडतील, "पोरी, वाट चुकलीस काय गो?" त्यांनी चष्मा वर केला, उभे राहिले आणि म्हणाले, "या. बसा."

माझ्या आयुष्यात मास्तर मला कधी तुम्ही म्हणाले नव्हते. मी उंबऱ्याशीच थबकले. मग एका दमात सगळं सांगून टाकलं, पट्टी, पुणं, मोतीबिंदू, सगळ्यांनी मिळून ठरवलं ते. ते ऐकत राहिले.

"टोन लागलाय हे मला पहिल्याच दिवशी कळलं," ते म्हणाले. "ऐकू येतंय, आणि आपलं जात नाही, म्हणजे दुसरं काय असणार? टोनचे ठरलेले आकडे असतात, त्यातला कुठला ते शोधायला एक दुपार गेली."

ते आत जाऊन एक काडेपेटी घेऊन आले. तिच्यात त्यांनी केलेली टोनची पट्टी होती, भावाच्या पट्टीपेक्षा ओबडधोबड, पण पूर्ण. "हे केलं. सेटला जोडलं. सकाळी कुणी नसताना दाबून बघितलं. बीप आली. मग काढून ठेवलं."

"का काढलंत? बोलायचं होतंत ना मास्तर!"

"सांगून लावणार होता तुम्ही. सांगितलं नाही, म्हणजे तुम्हाला मी नको होतो. तसं असताना मागच्या दाराने कशाला शिरायचं?"

"तुम्ही" म्हणजे आम्ही सगळे. त्यात मी पहिली, कारण शब्द मी दिला होता आणि रोज सातला आवाज माझा यायचा. त्यांनी सांगितलं, पहिले बरेच दिवस ते पट्टीशिवाय दाबून बघत होते. मी विचारायची, आणखी कुणी आहे का, आणि थांबायची, तेव्हा ते आपलं कॉलसाइन द्यायचे. त्यांना वाटायचं, ही तरी म्हणेल, अरे, मास्तर कुठे गेले? मी म्हणायची नाही, कारण मला वाटत होतं ते पुण्याला आहेत. मी लोणच्याबद्दल बोलायची. गणपतीनंतर त्यांनी दाबणं सोडलं. ऐकणं सोडलं नव्हतं.

"मास्तर, देवाशप्पथ, मला माहीत नव्हतं."

"असेल," ते म्हणाले.

रागावले असते तर मी पाय धरले असते. पण ते रागावलेले नव्हते. मी खरं बोलत होते आणि खरं बोलून काही होत नव्हतं. मी चूक केली असती तर माफी तरी मागता आली असती. दुसऱ्याने केलेल्या गोष्टीची माफी कशी मागायची, हे मला कुणी शिकवलेलं नाही. एवढं मात्र मी त्यांच्याकडून कबूल करून घेतलं, की टोन निघाल्यावर ते पुन्हा सातला येतील. "बोलावलंत तर येईन," म्हणाले.

टोन निघाला. दोन दिवसांनी हजेरीच्या शेवटी मी थांबले, आणि तो ओळखीचा, थोडा कापरा आवाज आला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी तोंड उघडायच्या आत भाऊ मधे पडला, "या मास्तर, या! सेट दुरुस्त झाला वाटतं! डोळे कसे आहेत?" सगळ्यांसमोर, हवेवर, ते खोटं त्याने पुन्हा नव्यासारखं करून मांडलं. मास्तर म्हणाले, "सगळं ठीक. आवाज स्पष्ट. आभारी आहे. सेव्हन थ्री." सेव्हन थ्री हा आमच्याकडचा निरोप. त्यांच्या बोलण्याला अर्धं मिनिटही लागलं नसेल.

आणि मग रोज तेच. कॉलसाइन, आवाज स्पष्ट, आभारी आहे, सेव्हन थ्री. भरती नाही, वाल नाही, दुपारची गाडी नाही. खांबचा मास्तर एका वाक्यात चार वेळा ओके म्हणाला तरी त्याला कुणी टोकलं नाही. बैठक लवकर संपायला लागली. सगळ्यांना सोयीचं झालं.

भाऊबीजेला तो आला. नेहमीसारखा नारळ, नेहमीसारखी साडी, नवा शर्ट. मी पाट मांडला नव्हता. दारातच म्हणाला, "ताई, अजून धरून बसलीस? टोन काढला, मास्तर आले. बघ, कसं मोजकं बोलतात आता. सगळं चांगलंच झालं ना?" त्याला खरंच तसं वाटत होतं. मी म्हटलं, "तू जा." नवऱ्याने आतून विचारलं कोण आहे, मी म्हटलं कुणी नाही. मी दार लावून घेतलं. त्या दिवशी मी स्वयंपाकघरात बसून रडले, आणि ते त्याच्यासाठीच रडले, हेही खरं आहे. तसा भाऊ मला परत कुठून मिळणार होता?

सेट मात्र बंद केला नाही. बंद केला असता तर कासूच्या त्या अर्ध्या मिनिटाला उत्तर कुणी दिलं असतं? रोज सातला मला त्या भावाचीही हजेरी घ्यावी लागायची, त्याचं कॉलसाइन तोंडाने उच्चारावं लागायचं, आणि मी ते उच्चारायची.

थंडीत एकदा मी पुन्हा कासूला गेले. मास्तर पडवीत मोड आलेले वाल सोलत बसले होते. मीही समोर बसून सोलायला घेतले. मग मी धीर करून म्हटलं, "मास्तर, हवेवर आधीसारखं बोला ना. भरती सांगा, गाडीचं सांगा."

"कुणाला?" त्यांनी विचारलं.

"मला."

"तुमच्याशी बोलतोच की," ते म्हणाले. "रोज. लागेल तेवढं."

मला हुंदका आवरला नाही. ते लगबगीने उठले, आत गेले आणि पाणी घेऊन आले, पाहुण्याला देतात तसं, ताटलीत पेला ठेवून.